मदतीचा रकाना रिकामा ठेवून सही करू नका

पुण्याच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. लेक बारावीत, अमेरिकेतल्या एका खासगी कॉलेजवर तिचं मन बसलंय. 1 नोव्हेंबरपर्यंत ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज केला तर प्रवेशाची शक्यता वाढते, असं शाळेतल्या समुपदेशक सांगतात. वर्षाचा सगळा खर्च 92 हजार डॉलर. म्युच्युअल फंडात 1 कोटी 10 लाख, पीएफमध्ये 60 लाख, कोथरूडचा फ्लॅट कर्जमुक्त. आर्थिक मदत मागितली तर संधी घटेल, म्हणून तो रकाना रिकामा ठेवायचं घरात ठरलंय. अर्ज करावा का?

असा तर नकोच.

अर्ली डिसिजन म्हणजे निवड झाली तर इथेच येणार आणि बाकीचे अर्ज मागे घेणार, असं लिहून देणं. त्यावर लेकीची सही, तुमची आणि शाळेचीही. यातून सुटायची रीतसर वाट म्हणजे कॉलेजने देऊ केलेली मदत पुरत नाही, हे दाखवणं. मदत मागितलीच नाही, तर दाखवणार काय? शिवाय अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या वर्षांत मदतीसाठी अर्जही करू देत नाहीत. ‘आत तर शिरू, मग बघू’ हे तिथे चालत नाही.

समुपदेशक खोटं सांगत नाहीत. पूर्ण फी भरणारी, नक्की येणारी मुलगी कोणाला नको असते? पण हप्ते त्या भरणार नाहीत.

डॉलर 90 रुपये धरला, तर पहिल्याच वर्षी 83 लाख लागतील. फी दरवर्षी 4 टक्के वाढली आणि डॉलर 3 टक्के महागला, तर चार वर्षांचे 3 कोटी 70 लाख. हे 3 टक्के मी हात राखूनच धरलेत. 2022 च्या सुरुवातीला 75 च्या आसपास असलेला डॉलर 2025 च्या डिसेंबरात नव्वदीपार गेला. पीएफसकट तुमची पुंजी 1 कोटी 70 लाख. उरलेले 2 कोटी फ्लॅट तारण ठेवून काढले, तर 10 टक्क्यांनी 15 वर्षं महिन्याला 2 लाख 15 हजारांचा हप्ता. तुम्ही आज 49 चे आहात.

पीएफला हात न लावता, फंड चार वर्षांत मोडून आणि पगारातून थोडे घालून वर्षाला 35 लाख जमतील असं मला दिसतं. हा आकडा लेकीसमोर ठेवा. मग कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला उत्पन्न-मालमत्तेचे तपशील देऊन ईमेल करा आणि परदेशी विद्यार्थ्यांना साधारण किती मदत मिळते ते विचारा. वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका, ते बहुतेक अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेले असतात. उत्तरानुसार मदत वजा जाता तुमचा खर्च वर्षाला 35 लाखांच्या जवळपास बसत असेल, तर मदतीच्या रकान्यात खूण करून खुशाल अर्ज करा. संधी थोडी घटेल, घटू दे.

उत्तर आलं नाही किंवा बसलं नाही, तर ‘अर्ली ॲक्शन’ धरा. त्यात निकाल लवकर लागतो, पण बांधिलकी नसते. 1 मेपर्यंत सगळ्या ऑफर शेजारी ठेवून ठरवता येतं. पर्ड्यूसारखी सरकारी विद्यापीठं या मार्गाने घेतात, आणि पर्ड्यूने तर मूळ शिकवणी फी दहा वर्षांहून जास्त काळ गोठवून ठेवली होती. आवडत्या कॉलेजात जानेवारीत दुसरी अर्ली डिसिजन फेरी आहे का, तेही पाहून ठेवा. तोवर ईमेलचं उत्तर हातात असेल.