केबिन कापू नका, आणि भावाला वाटसरू ठरवू नका

प्रश्न: राजापूर तालुक्यात आमची भातशेती आणि कलमांची बाग आहे. अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. भर पावसात चिखलणी करताना भिजायला नको म्हणून मे महिन्यात फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइप, पॉलिकार्बोनेट शीट आणि पत्रा वापरून केबिन बनवून घेतलं. ते मागच्या रोलबारला (कलंडल्यावर चालकाला वाचवणाऱ्या लोखंडी कमानीला) वेल्डिंग केलेलं आहे. जुलैत मळ्यातून परतताना ग्रामपंचायतीच्या रस्त्यावर उतारावर ट्रॅक्टर कलंडला. मडगार्डवर बसलेल्या चुलतभावाचा पाय मोडला. विमा कंपनीने ‘अनधिकृत फेरफार’ म्हणून ट्रॅक्टरची भरपाई नाकारली, आरटीओची नोटीसही आली. लोक सांगतात, केबिन रातोरात कापून टाक, आणि भाऊ रस्त्याने चालत होता असं लिहून दे. काय करावं?

उत्तर: जे सांगताहेत ते तुमच्या भल्यासाठीच सांगत असतील, पण दोन्हीतलं काहीही करू नका.

भावाचंच आधी बोलतो, कारण खरी जोखीम तिथे आहे. ही सूचना का येते ते मला ठाऊक आहे. रस्त्याने चालणारा माणूस कायद्याने ‘तिसरा पक्ष’ असतो आणि त्याची भरपाई विमा कंपनीला द्यावी लागते. मडगार्डवर बसलेल्याचं तसं नाही. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कुणाला बसवायची परवानगी नसते, त्यामुळे कंपनी हात वर करते. पण भावाला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी ‘काय झालं’ विचारलं असेल, आणि ‘ट्रॅक्टरवरून पडला’ हे केसपेपरवर पहिल्याच ओळीत उतरलं असेल. कंपनीचा वकील सर्वांत आधी तोच कागद मागवतो. मग शपथेवर खोटं सांगितल्याचं प्रकरण तुमच्यावर आणि ज्याचा पाय मोडलाय त्या भावावरही येतं, आणि त्याचा खरा दावासुद्धा बुडतो.

खरं सांगूनही वाट उरते. २००७ मध्ये ओरिएंटल इन्शुरन्सच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच्या मजुराच्या बाबतीत कंपनी जबाबदार नाही असं ठरवलं, तरीही आपले विशेष अधिकार वापरून आधी कंपनीने पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला. ते प्रत्येक प्रकरणात मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी शेवटी बोजा तुमच्यावरच येतो. याची तयारी ठेवा. पॉलिसी काढून बघा, कामगारांसाठी जादा प्रीमियम भरलेला आहे का. आणि पोलिसांत अपघाताची नोंद झाली नसेल तर ती करायलाच हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे २४ तासांत कळवणं चालकाचं कर्तव्य होतं. उशीर झाला म्हणून दडवू नका, उशिराचं कारण लिहून द्या.

आता केबिन. कलम ५२ नुसार ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या रचनेत, नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. नटबोल्टने बसवलेलं, केव्हाही उतरवता येणारं ताडपत्रीचं छत असतं तर ‘हा मूळ रचनेतला बदलच नाही’ असं ठामपणे मांडता आलं असतं. वेल्डिंग केलेल्या, ट्रॅक्टरचं वजन वाढवणाऱ्या केबिनबद्दल ते मांडणं अवघड आहे. शिक्षा कलम १८२अ(४) मध्ये आहे: प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कैदेच्या शब्दाने घाबरू नका, हा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटवता येण्याजोगा आहे. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या, बदल मान्य करा, कारण सांगा आणि केबिन काढून ट्रॅक्टर मूळ स्थितीत आणून तपासणीला हजर करण्याची तयारी दाखवा.

पण उतरवायचं ते आरटीओला कळवून, चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढून, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या, अहवालाची प्रत हातात आल्यावरच. ते केबिन तुमच्या दाव्यातला पुरावा आहे. विमा कंपनीला माझा पहिला प्रश्न असेल, ट्रॅक्टर केबिनमुळे कलंडला की उतारामुळे? वर वाढलेल्या वजनामुळे तोल गेला असं सर्व्हेअरने म्हटलं असेल तर आपली बाजू लंगडी आहे. तसा उल्लेख नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात पॉलिसीच्या अटीचा भंग असूनही सर्वोच्च न्यायालयाने दावा सरसकट न फेटाळता त्यातली काही रक्कम द्यायला लावली होती. तिथला भंग वाहनाच्या वापराचा होता, पण तत्त्व आपल्याला मांडता येईल. नकाराच्या पत्रापासून दोन वर्षं मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही.

भावाच्या दाव्याची मुदत मात्र अपघातापासून सहा महिने, म्हणजे जानेवारीतच संपते. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढच्या त्या दाव्यात तुम्ही सामनेवाले असाल. म्हणून भावाचा वकील वेगळा असू द्या, आणि घरात यावरून वाकडं येऊ देऊ नका. दावा कागदावर तुमच्याविरुद्ध दिसला तरी त्यांच्या पायासाठी तो लागतोच. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करायला सांगा.

एक गोष्ट कायद्याबाहेरची. वेल्डिंगची उष्णता आणि भोकं यांनी रोलबारची ताकद कमी होते, आणि एकदा कलंडलेल्या ट्रॅक्टरचा वाकलेला रोलबार ठोकून सरळ केला तर तो पुन्हा विश्वासाचा राहत नाही. ट्रॅक्टर कंपनीचाच नवीन बसवा. पुढच्या मृगाआधी छत हवं असेल तर त्या मॉडेलसाठी निर्मात्याने मंजूर केलेलं छत मिळतं का, हे डीलरकडून लेखी घ्या आणि बसवण्याआधी ते पत्र आरटीओत दाखवा. तोवर इरलं किंवा रेनकोट घालून चिखलणी करा, आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका.