गठ्ठ्यांचा क्रम मोडू नकोस

प्रश्न : मी इतिहासात बी.ए. करते. गावातल्या जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर नगरपालिकेच्या कागदांचे गठ्ठे सापडले. मैत्रिणी मिळून आम्ही ते विषयवार लावतोय, फाटके कागद चिकटपट्टीने जोडतोय. मला यातच करिअर करायचंय. बाबा म्हणतात, जुने कागद चाळून पोट भरत नाही. काय करू?

उत्तर : आधी ती चिकटपट्टी बाजूला ठेव. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि पट्टी काढताना अक्षरंही निघून येतात. जाणकार फाटलेला कागद जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडतात, कारण ती जोड ओलाव्याने पुन्हा सोडवता येते. हे शिकेपर्यंत फाटके कागद आम्लरहित कागदाच्या घडीत सपाट ठेव. आधी लावलेल्या पट्ट्या मात्र ओढून काढू नकोस.

विषयवार लावणंही थांबवा. पुस्तकं तशी लावतात, कचेरीचं दप्तर नाही. 1898 साली तीन डच पुराभिलेखपालांनी, म्हणजे जुनी दप्तरं सांभाळणाऱ्यांनी, लिहिलेल्या नियमावलीने हे तत्त्व पक्कं केलं : कचेरीत कागद ज्या क्रमाने साठले, तो क्रम राखायचा. पाण्याच्या तक्रारीला लागूनच विहिरीच्या पाहणीचा कागद असेल, तर पाहणी कशामुळे झाली याचा माग लागतो. तोच कागद ‘विहिरी’च्या ढिगात गेला की दुवा तुटला. न सोडलेले गठ्ठे तसेच राहू देत. सोडलेल्यांतलं काय कुठून काढलं, ते आठवतंय तोवर लिहून काढा.

मग यादी. एकेका कागदाच्या मागे लागलात तर दमून जाल, म्हणून सुरुवात गठ्ठ्यापासून करा. ‘आयसॅड-जी’ या आंतरराष्ट्रीय मानकात दप्तराच्या वर्णनाचे 26 घटक आहेत, पण सहा अत्यावश्यक : संदर्भ क्रमांक, शीर्षक, कागद कोणी निर्माण केले, कालखंड, किती आहेत आणि वर्णन कोणत्या पातळीवरचं आहे (अख्ख्या गठ्ठ्याचं की एकेका कागदाचं). एवढं नीट भरलं तरी संशोधकाला हवा तो गठ्ठा सापडतो. स्कॅनिंगची घाई नको. यादीशिवाय केलेलं स्कॅनिंग म्हणजे संगणकात हलवलेला तोच ढीग.

आता बाबांचा प्रश्न. त्यांची काळजी रास्त आहे. अभिलेखागारांतली कायम पदं थोडी असतात आणि बरीच कामं प्रकल्पापुरती मिळतात. पण विद्यापीठं, बँका, वृत्तपत्रं आणि मोठ्या कंपन्या यांनाही आपलं दप्तर सांभाळावं लागतं, तिथे अभिलेख व्यवस्थापनाची माणसं लागतात. कागदाच्या डागडुजीकडे जायचं तर रसायनशास्त्राचा पाया हवा. तुझा विषय इतिहास आहे, तेव्हा पदवीनंतर पुराभिलेखशास्त्राची पदविका कर आणि सोबत जुन्या लिपीचं वाचन व डेटाबेस शिक. मुलाखतीला जाशील तेव्हा स्वतः केलेली सूची सोबत ने. ती समोर असली की तुला काम येतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि पुढचा गठ्ठा सोडण्याआधी वाचनालय आणि नगरपालिका, दोघांची लेखी परवानगी घे.