वाचकांचे प्रश्न : दिसते ते ऐकू येतेच असे नाही

प्रश्न : महाद्वार रोडच्या परिसरात आमचे कोल्हापुरी चपलांचे पिढीजात दुकान आहे. गेल्या वर्षी आम्ही संकेतस्थळ तयार करून घेतले. मागील महिन्यात सांगलीहून एका दृष्टिहीन ग्राहकाचा फोन आला. ‘तुमच्याकडे काय माल आहे, हे माझा मोबाइल मला सांगतच नाही,’ असे ते म्हणाले. संकेतस्थळ करणाऱ्यांच्या मते सर्व काही व्यवस्थित चालू आहे. नेमकी चूक कोठे असावी?
— एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : आपण कळविलेल्या पत्त्यावर जाऊन संकेतस्थळ पाहिले आणि नंतर पडद्याकडे न पाहता, अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी सोय, सुरू करून ते ऐकले. चपलेच्या प्रत्येक छायाचित्रापाशी टॉकबॅक कॅमेऱ्याने फाइलला दिलेला लांबलचक क्रमांक वाचतो आणि पुढे सरकतो. सांगलीच्या ग्राहकाला आपल्या दुकानात हे आकडेच मिळाले, पायताण काही मिळाले नाही.

स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. तो पानामागचा एचटीएमएल मजकूर, म्हणजे वेबपान ज्या संकेतभाषेत लिहिलेले असते तो मजकूर, वाचतो. म्हणून प्रत्येक छायाचित्राला ‘ऑल्ट’ या जागी पर्यायी मजकूर द्यावा लागतो. तेथे नुसते ‘चप्पल’ किंवा ‘फोटो’ लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाला ‘माल आहे’ एवढेच सांगून गप्प बसणे होय. गल्ल्यावर बसून फोनवर आपण जसे वर्णन कराल तसे लिहावे : ‘गडद तपकिरी कापशी चप्पल, दोन्ही बाजूंना कान, पट्ट्यावर चामड्याची वेणी, मध्ये लाल गोंडा’. हे काम संकेतस्थळ करणाऱ्यावर सोपवू नये, कारण कापशी आणि कुरुंदवाडी या चपलांच्या प्रकारांतील फरक त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळतो. केवळ शोभेसाठी असलेल्या वेलबुट्टीला मात्र ऑल्ट रिकामे ठेवावे, म्हणजे स्क्रीन रीडर ती वगळून पुढे जातो. सणाच्या सवलतीची जाहिरात आपण संपूर्ण चित्ररूपात टाकली आहे. तिच्यातील किमती साध्या मजकुरातही द्याव्यात.

दुसरी चूक अधिक नुकसान करणारी आहे. ‘खरेदी करा’ हे आपल्या पानावरील बटण तांत्रिकदृष्ट्या बटणच नाही. तो रंगवलेला चौकोन असून त्यावर माउसने टिचकी मारली तरच तो चालतो. स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणून ओळखत नाही, आणि हाताच्या कंपामुळे माउस धरू न शकणारी, केवळ कीबोर्ड वापरणारी व्यक्तीही तेथपर्यंत पोहोचत नाही. एचटीएमएलमध्ये बटणासाठी स्वतंत्र घटक फार पूर्वीपासून तयार असताना लोक चौकोन रंगवत का बसतात, हे कोडे मला अनेक वर्षे सुटलेले नाही. तपासणी सोपी आहे : संगणकाचा माउस बाजूला ठेवावा आणि फक्त टॅब व एंटर या कळांनी एक जोड विकत घेऊन पाहावा. कोणत्या क्षणी आपण कोठे आहोत हे दाखविणारी चौकट दिसत नसेल, तर ती ‘दिसायला बरी नाही’ म्हणून कोणीतरी काढून टाकलेली असते. ती परत आणावी.

रंगांविषयीही एक सूचना. संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए या मधल्या स्तरानुसार नेहमीच्या आकाराचे अक्षर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ : १ असावी लागते. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर हे प्रमाण २१ : १ भरते, पांढऱ्यावर शुद्ध पिवळे असेल तर जेमतेम १.०७ : १. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याचा पिवळा रंग कितीही शोभून दिसत असला, तरी पांढऱ्या पानावर किंमत पिवळ्या अक्षरांत लिहू नये.

प्रश्न : आमच्या साप्ताहिकाचे २००४ पासूनचे अंक संकेतस्थळावर आहेत. कार्यालयातील जुन्या संगणकावर ते नीट दिसतात, परंतु मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ब्राउझर बदलून उपयोग होईल का?
— एक संपादक, इचलकरंजी

उत्तर : होणार नाही. ते अंक युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, त्या काळात संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरे व चिन्हे असाच साठविला जाई, आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. हा मुखवटा वाचकाच्या संगणकावर आपोआप पोहोचावा म्हणून ‘डायनॅमिक फॉन्ट’ वापरले जात. त्यांपैकी ईओटी हा प्रकार केवळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चाले, आणि मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरचा आधार १५ जून २०२२ रोजी थांबविला. मुखवटा गळून पडला की खालची खिचडी उघडी पडते. दृष्टिहीन वाचकाला मात्र, जेव्हा आपल्या पडद्यावर सुबक मराठी दिसत होते तेव्हाही, स्क्रीन रीडरकडून तीच खिचडी ऐकावी लागत होती.

उपाय एकच : सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. रूपांतराची साधने मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते; रफाराचे नेमके उलटे, जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येई आणि युनिकोडमध्ये आधी ‘र’ व हलन्त, मग पुढचे व्यंजन. त्यामुळे ‘विद्यार्थी’, ‘निर्मिती’, ‘आर्थिक’ असे शब्द पहिल्याने तपासावेत. वेलांटी एकटी पडली असेल, तर तिच्याजवळ ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. याहून फसवा प्रकार ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चा. तो दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठविता येतो, दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोध घेताना बहुधा एकाला दुसरा सापडत नाही. कार्यालयाने एक पद्धत ठरवून सर्व अंकांत तीच ठेवावी.

रूपांतर झाल्यावर प्रत्येक पानाच्या आरंभी पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी. तिचा संकेत ‘एमआर’ असा दोन अक्षरी आहे. तयार साच्यात तेथे बहुधा इंग्रजी लिहिलेले असते, आणि मग स्क्रीन रीडर मराठी लेख इंग्रजी आवाजात वाचू पाहतो. या नोंदीचा आणखी एक लाभ असा की, ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तेथे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे उमटतात. श्रम वाचविण्यासाठी जुने अंक छायांकित (स्कॅन) करून पीडीएफ स्वरूपात टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्वीकारू नये. अक्षरओळख करून मागे मजकूर जोडला नसेल, तर तसे पान स्क्रीन रीडरसाठी कोरे असते.

प्रश्न : मी तयार केलेली पाने क्रोममध्ये उत्तम दिसतात, पण मैत्रिणीच्या आयफोनवर तळाचे बटण दिसेनासे होते. तिने आयफोनवर क्रोम घेतले, तरी तेच. असे का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : आपल्याकडे आयफोनवरील क्रोमच्या आत ॲपलचे वेबकिट हेच इंजिन, म्हणजे पान पडद्यावर उमटविणारा मूळ भाग, असते, म्हणून ब्राउझर बदलूनही फरक पडला नाही. अँड्रॉइडवरील क्रोम आणि २०२० पासूनचे मायक्रोसॉफ्टचे एज ब्लिंक या इंजिनावर चालतात, फायरफॉक्स गेकोवर. तिन्ही इंजिनांवर एकेकदा पाहिल्याशिवाय काम संपले असे समजू नये. बटण झाकले जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पानाची उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीएवढी, देणे. ॲड्रेस बार उघडा असताना दिसणारी जागा त्याहून कमी असते. त्याऐवजी दिसणाऱ्या जागेप्रमाणे बदलणारे ‘डीव्हीएच’ हे एकक वापरावे आणि जुन्या ब्राउझरसाठी आधीच्या ओळीत व्हीएच तसेच ठेवावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेला एका विक्रेत्याने कळविले आहे की, त्यांच्या कोडची एक ओळ संकेतस्थळावर टाकली की ते दिव्यांगांसाठी पूर्णपणे सुगम्य होते. ती घ्यावी का? आणि आम्हा खासगी संस्थांवर कायद्याचे बंधन आहे का?
— एक संचालक, शाहूपुरी

उत्तर : घेऊ नये. चपलांच्या प्रश्नात सांगितलेले पर्यायी मजकूर आणि खरी बटणे, तसेच फॉर्ममधील प्रत्येक रकान्याला जोडलेले लेबल, यांतील कोणतीही गोष्ट अशी ओळ खात्रीने भरून काढू शकत नाही. उलट ती कधी कधी वापरकर्त्याच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरशी भांडते. अशाच दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीला १० लाख डॉलर भरावयास लावले.

बंधनाविषयी म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४६ शासकीय आणि खासगी दोन्ही सेवा पुरवठादारांना उद्देशून आहे. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती न्यायालयात गेल्या होत्या, कारण ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीच्या, वेळी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून दाखविणे त्यांना शक्य नव्हते. आपल्या संस्थेत खाते उघडताना अशी एखादी अट असेल, तर तिला पर्याय काय ठेवला आहे, हे संचालक मंडळाच्या येत्या बैठकीत विचारावे.