मायक्रोफायनान्समुळे गरिबी हटते का? एका जुन्या हप्तेवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे: ‘पुस्तकात मायक्रोफायनान्स (गरिबांना तारणाशिवाय मिळणारी छोटी कर्जं) म्हणजे गरिबी निर्मूलनाचं साधन असं वाचतोय. आमच्या गावात मात्र बायका हप्त्याच्या आदल्या दिवशी पैशासाठी घरोघर फिरताना दिसतात. यातलं खरं काय?’

गावातलं जास्त खरं. पुस्तकातलं अगदीच खोटं नाही, पण ते अर्ध्यावर थांबतं.

मी २०१५ ते २०१७ अमरावती जिल्ह्यात एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. शर्टाचा रंग सोडला तर सगळ्यांचं काम एकच होतं. सकाळी साडेसातला पहिलं केंद्र, म्हणजे वसुलीची पहिली मीटिंग, कारण नंतर बायका निंदणाला निघून जायच्या. कुणाच्या तरी ओसरीवर पाच-पाचच्या रांगेत बसायचं, शपथ म्हणायची, मग वह्या आणि नोटा पुढे यायच्या. गावात मला नाव नव्हतं. पोरं लांबून गाडी पाहून ओरडायची, ‘हप्तेवाला आला!’

कर्जाच्या फॉर्मवर एक रकाना असायचा, कर्जाचा उद्देश. कंपनीला तिथे धंदा लागायचा. म्हणून निम्म्या फॉर्मवर शेळीपालन आणि उरलेल्यांवर शिलाई मशीन नाहीतर किराणा. कर्ज दिल्यावर महिनाभरात घरी जाऊन पाहणी करायची आणि फोटो काढायचा. एका गावात तिसरा फोटो काढताना माझ्या लक्षात आलं की ही शेळी आपण आज आधीही पाहिली आहे. उजव्या कानाला चीर होती. तिन्ही घरांत तीच शेळी. मालकीण चौथीच, आणि तिने आमच्याकडून कर्जच घेतलेलं नव्हतं.

चहा घेताना एकीने आपणहून सांगून टाकलं. तिचे पैसे मुलीच्या नर्सिंगच्या फीला गेले होते. दुसरीचे नवऱ्याच्या ऑपरेशनला. तिसरीने सावकाराचं फेडलं होतं. मी फॉर्मवर ‘उद्देश पूर्ण’ अशी खूण करून निघालो. पुढे अशा खुणा किती केल्या याचा हिशेब ठेवला नाही.

याला फसवणूक म्हणता येईल. मला मात्र या धंद्याचं खरं काम तिथेच कळलं. गरीब घरात पैसा येतच नाही असं नसतं. तो चिल्लर येतो आणि लागतो तेव्हा एकगठ्ठा लागतो. दीडशे रुपये रोजाने शाळेची फी साठत नाही, साठली तरी घरात टिकत नाही. पैसे आज घेऊन पुढची दोन वर्षं थोडेथोडे फेडत राहणं, ही एका अर्थाने उलटी बचतच आहे. भिशीत पहिला नंबर लागला तर जे होतं तेच, फक्त इथे व्याज जातं.

व्याज किती, हेही बघा. समजा ४०,००० रुपये, दोन वर्षं, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, वर्षाला २४ टक्के. महिन्याला साधारण २,११५ रुपये हप्ता बसतो आणि दोन वर्षांत ५०,७५० च्या आसपास भरून मोकळं होता येतं (प्रोसेसिंग फी आणि विमा वेगळा). आता हेच ४०,००० सावकाराकडून शेकडा पाचने घेतले तर महिन्याला २,००० रुपये नुसतं व्याज. दोन वर्षांत ४८,००० गेले आणि मुद्दल जागेवरच. म्हणजे खिशातून दर महिन्याला जवळपास तेवढेच पैसे जातात, फक्त एका वाटेला शेवट आहे आणि दुसरीला नाही. म्हणून ‘हे नवे सावकार’ असं कुणी म्हटलं की मी मान डोलवत नाही. सावकार काय असतो हे माहीत असलेली बाई तसं सहसा म्हणत नाही.

पण या सगळ्यात तिची कमाई कुठे वाढली? पुस्तकाची गोष्ट इथे थांबते. ती कुठून सुरू झाली तेही पाहायला हवं. १९७६ मध्ये बांगलादेशात चितगावजवळच्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून सुमारे २७ डॉलर दिले. त्यांत बांबूची स्टुलं विणणाऱ्या बाया होत्या. त्यांना बांबूसाठी पैसे देणारा व्यापारीच स्टुलं पडत्या भावाने उचलायचा. त्यातूनच पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक आणि २००६ मध्ये शांततेचं नोबेल. आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायका धान्य-किराणा उधारीने, व्याजाने उचलत आणि गिरणी कामगार पगार झाला की पैसे चुकते करत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ते कर्ज लागू पडलं, कारण हाताला कसब होतं, गिऱ्हाईक बांधलेलं होतं आणि दर महिन्याला पैसा फिरत होता. अडलं होतं ते फक्त भांडवलापाशी.

मग १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, जेवणारी माणसं कोकणात आणि घाटावर परतली. तेव्हा त्याच बाईला आणखी कर्ज देऊन काय झालं असतं? डाळ-तांदूळ आले असते, जेवायला कोण येणार होतं?

आमच्या कंपनीच्या प्रशिक्षणात ही दुसरी बाजू कधी आली नाही. कर्ज धंदा चालवायला मदत करतं, गिऱ्हाईक आणत नाही. ज्या गावात आधीच चार किराणा दुकानं आहेत तिथे पाचवं उघडायला कर्ज दिलं तर पाचही जणींचा गल्ला हलका होतो. मी स्वतः एका वस्तीत वर्षभरात सहा शिलाई मशीनं ‘मंजूर’ केली. ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका तेवढ्याच राहिल्या.

याची मोजणी झालेली आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (आई निर्मला पाटणकर, त्यामुळे आपण त्यांना थोडं घरचं समजतो), एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या १०४ वस्त्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या वस्त्यांत आधी मायक्रोफायनान्स सुरू करवलं. मग दोन्हीकडची घरं ताडून पाहिली. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांच्यातल्या काहींना फायदा झाला. लोकांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, पान-तंबाखूसारख्या खर्चाला थोडा हात आखडला. पण घराचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, घरात बाईचा शब्द, यांत फारसा फरक नाही. कर्ज दारात आलं तरी चारांतलं जेमतेम एक घर घ्यायला पुढे आलं. मोरोक्को, मंगोलिया, बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको इथल्या अभ्यासांनीही साधारण हेच सांगितलं. थोडं भलं होतं, आयुष्य पालटत नाही. सरसकट नुकसान होतं असंही या अभ्यासांत दिसलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण विरोधकांना ते वाक्य गाळायची सवय आहे.

आता हप्त्याकडे येऊ, कारण माझा सगळा वेळ तिथेच गेला. शेळी खरोखर घेतली असं धरा. गाभण शेळी पाच महिन्यांनी विते, पिल्लू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने. हप्ता मात्र पुढच्या पंधरवड्यापासून. म्हैस घेतली तर ती आटते तेव्हा हप्ता आटत नाही. म्हणजे हप्ता शेळीतून येतच नाही, मजुरीतून येतो. मग बाई पैसे जिथे उद्यापासून सुटे होऊन परत येतील तिथेच घालते. भाजीची गाडी, बांगड्या, छोटंसं दुकान. कोलकात्यात एक प्रयोग झाला. काहींना पहिल्या हप्त्याआधी दोन आठवडे दिले, काहींना दोन महिने. दोन महिनेवाल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनी त्यांची कमाईही जास्त होती. मात्र त्यांच्यात बुडवणारेही वाढले. कंपनी या दुसऱ्या वाक्याकडे बघते आणि हप्ता पुढच्या पंधरवड्यालाच लावते. तिलाही पैसा बँकेकडून व्याजानेच आणायचा असतो.

आणि गट. तारण नाही म्हणून शेजारीण हेच तारण. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या चौघींनी भरायचा, नाहीतर मीटिंग सुटायची नाही. मी अशा ओसऱ्यांवर दुपारी बारापर्यंत बसलोय. मोठ्या आवाजात बोलायची मला गरजच पडायची नाही. ते काम तिची जाऊ करायची. या नोकरीतली सगळ्यात लाज वाटणारी गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन.

हे तंत्र ताणलं की काय होतं ते आंध्र प्रदेशात दिसलं. एकाच घराला चार-चार कंपन्यांनी कर्जं दिली, पहिलीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जाऊ लागला. २०१० च्या ऑगस्टमध्ये एसकेएस ही मोठी कंपनी शेअर बाजारात उतरली. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने या कंपन्यांच्या वसुलीवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला. त्यानंतर तिथली वसुली कोसळली. मग रिझर्व्ह बँकेने नेमलेली मालेगाम समिती आली, बँकेचे नियम आले. एप्रिल २०२२ पासून नियम असा की वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. व्याजदरावरची मर्यादा मात्र त्याच वेळी काढली. नियम चांगला आहे. फक्त शेतमजूर बाईचं महिन्याचं उत्पन्न फॉर्मवर कोण भरतं, तर माझ्यासारखा टार्गेट असलेला पोरगा.

माझी नोकरी संपली ती नोटाबंदीने. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या पहिल्याच मीटिंगला बायका पाचशेच्या नोटा घेऊन बसलेल्या. मला त्या घ्यायला मनाई होती. एक म्हातारी म्हणाली, ‘पैसा हाय भाऊ, पन चालून नाई राह्यला.’ मजुरीही थांबलेली. त्यात कर्जमाफी होणार म्हणून विदर्भभर आवई उठली, मोर्चे निघाले, आणि नोटा परत आल्यावरही वसुली काही परत आली नाही. काही महिन्यांनी मी राजीनामा दिला. तत्त्वासाठी नाही, इन्सेंटिव्ह बंद झाला म्हणून.

त्यानंतर मी बचत गटांच्या हिशेबाचं काम धरलं. मायक्रोफायनान्स कंपनी आणि बचत गट या दोन गोष्टी लोक एकत्र करतात, त्या वेगळ्या करा. नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासासाठीची राष्ट्रीय बँक) १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकजोडणी सुरू केली ती बचत गटांची. तिथे आधी बायका महिन्याला शंभर-दोनशे साठवतात, त्यातूनच आपसांत कर्ज घेतात, बँक मागाहून येते. गंमत म्हणजे अंतर्गत कर्जालाही बहुतेक गटांत शेकडा दोन लावतात, म्हणजे वर्षाला तेच २४ टक्के. पण ते व्याज गटाच्या पेटीत राहतं आणि पुढे वाटून घेता येतं. शिवाय आजारपणात हप्ता पुढे ढकलायचा का हे ओसरीवरच ठरतं, त्यासाठी हेड ऑफिसला फोन लावावा लागत नाही. याचा अर्थ सगळे गट गुणी असतात असा नाही. अध्यक्ष आणि सचिव दोघींनीच पेटी फिरवल्याचे हिशेबही मी तपासलेत.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक याच वाटेवरची. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ती सुरू झाली. बायका अंगठेबहाद्दर म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला होता, तर त्या लिहायला शिकून पुन्हा रिझर्व्ह बँकेसमोर उभ्या राहिल्या. पण मला तिथली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०१२ च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण टाकून चाऱ्यासाठी कर्ज मागायला आली. चारा-पाणीच नाही तिथे कर्ज देऊन उपयोग काय? शेवटी बँकेशी जोडलेल्या संस्थेने माण तालुक्यात जनावरांची छावणी उघडली. बँक चालवणाऱ्यांनाच कळलं होतं की इथे कर्ज कामाचं नाही.

सगळ्यात गरिबांपर्यंत तर यातलं काहीच पोचत नाही. बीडचं ऊसतोड कुटुंब सहा महिने फडावर असतं. ते दर पंधरवड्याच्या मीटिंगला कुठून येणार? त्यांना मुकादमाची उचल. अशा घरांसाठी बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये वेगळी रीत काढली. कर्ज नाहीच. आधी गाय किंवा शेळ्या फुकट द्यायच्या, हातात येईपर्यंत काही महिने खायला पैसे, घरी येऊन शिकवणारी व्यक्ती, थोडी बचत. साधारण दोन वर्षं. भारतासह सहा देशांत ती तपासली गेली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. मदत थांबल्यावर वर्षाने पाहिलं तरी घरं वर आलेली होती. होंडुरासमध्ये तेवढं जमलं नाही, तिथे वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या. खर्चिक आहे, आणि यात कुणी नफा कमवत नाही, म्हणून त्याच्या जाहिराती तुम्हाला दिसत नाहीत.

तुम्ही गावात जाऊन विचारणार असाल तर एक सांगतो. ‘कर्ज कशासाठी घेतलं’ असं विचारू नका, शेळी असंच उत्तर मिळेल. ‘मागचा हप्ता कुठून भरला’ ते विचारा. दुकानातून म्हणाली तर तिचं बरं चाललंय. मजुरीतून म्हणाली तर चाललंय. आणि ‘दुसऱ्या कंपनीचं आलं होतं ना परवा’ असं म्हणाली, तर वही मिटून आधी तिच्या एकूण हप्त्यांची बेरीज करून द्या. बऱ्याचदा ती तिला कुणी करूनच दिलेली नसते. मीही दिली नव्हती.