स्टॅटिस्टिक्सला जायचंय, पण मॅथ्स शाळेतच सुटलं

प्रश्न : नमस्कार ताई, मी सायकॉलॉजीत एमए करतेय, शेवटचं वर्ष आहे. डिझर्टेशनसाठी परीक्षेच्या ताणावर सर्व्हे घेतला, एकदा सुरुवातीला आणि एकदा तीन महिन्यांनी. पहिल्या वेळी 80 जणांनी भरला, दुसऱ्या वेळी 50 जणांनीच, मग उरलेले 30 काढून टाकले आणि दोन वेळच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-टेस्ट लावली. आर (आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा) वगैरे सगळं स्वतःच शिकले आणि खरं सांगू का, मूळ विषयापेक्षा हे आकड्यांचं कामच जास्त आवडलं. आता अमेरिकेत स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स किंवा डायरेक्ट पीएचडी करावी असं डोक्यात आहे, पण शाळा सुटली तसं मॅथ्सही सुटलं. मैत्रिणी म्हणतात डेटा सायन्सचे दोन-तीन ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स कर, काम झालं. होईल का खरंच? की वेडेपणा आहे हा?

उत्तर : वेडेपणा अजिबात नाही, फक्त मैत्रिणींचं ऐकू नकोस.

अर्ज वाचणारे त्याच डिपार्टमेंटचे प्रोफेसर असतात आणि बाहेरच्या विषयातून आलेला अर्ज हातात पडला की त्यांना एकच धास्ती असते, ही मुलगी पहिल्याच सेमिस्टरला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्समध्ये गटांगळ्या खाईल का. तुला आर येतं, डेटाची आवड आहे, हे चांगलंच आहे, पण त्याने ती धास्ती जात नाही. ती जाते मार्कशीटवरच्या तीन-चार ओळींनी. कॅल्क्युलस, त्यातही एकापेक्षा जास्त व्हेरिएबल्सचं, मग लिनिअर अल्जिब्रा म्हणजे मॅट्रिक्सचं गणित, मग कॅल्क्युलस वापरून शिकवलेली प्रोबॅबिलिटी. हे तिन्ही परीक्षा देऊन, ग्रेड घेऊन, एखाद्या कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या रीतसर ऑनलाइन कोर्समध्ये करायचे. नुसते व्हिडिओ बघून मिळालेलं सर्टिफिकेट त्यांच्या लेखी जवळपास शून्य. हे मी अनुभवाने सांगतेय, मीही दुसऱ्याच विषयातून आलेय आणि पहिल्या वर्षी नुसत्या उत्साहावर पाच ठिकाणी पीएचडीचे अर्ज टाकले होते, पाचही ठिकाणाहून नकार आला, आणि आज तो अर्ज उघडून बघितला तर मी स्वतःसुद्धा मला घेतलं नसतं.

आता हे सगळं मॅथ्स कशाला, असं तुला वाटेल. एक छोटं गणित देते. समज 0 ते थीटा यांच्यामधला कुठलाही आकडा सारख्याच शक्यतेने येतो, थीटा किती ते आपल्याला माहीत नाही, आणि तीन आकडे हाती आले 1, 2 आणि 9. थीटाचा अंदाज कर. पहिलं डोक्यात येतं ते असं की सरासरी बरोबर मधोमध असणार, म्हणून सरासरी काढून दुप्पट करू. सरासरी 4, म्हणजे थीटा 8. पण थांब, 9 तर डोळ्यांसमोर बसलाय! थीटा 8 असेल तर 9 आला कुठून? बरं मग सगळ्यात मोठा आकडाच घेऊ, 9. तोही कमीच पडणार, कारण आलेला सगळ्यात मोठा आकडा थीटाच्या अलीकडेच असतो, पलीकडे कधीच नाही. इंटिग्रेशन करून बघितलं की कळतं, तीन आकडे असतील तर तो सरासरीने थीटाच्या तीन-चतुर्थांशावर असतो, म्हणून 9 ला 4/3 ने गुणायचं, 12. पहिली पद्धतही सरासरीने बरोबरच उत्तर देते बरं का, पण एकेका वेळी असं अशक्य काहीतरी सांगून बसते, आणि तिची उत्तरं जास्त हेलकावतातही. मास्टर्सच्या थिअरीच्या पेपरात बरंचसं हेच चालतं. हे वाचताना पेन घ्यावंसं वाटलं असेल तर पुढे जा, आणि कधी एकदा संपतंय असं वाटलं असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

पीएचडीसाठी याशिवाय रिअल अ‍ॅनालिसिस लागतं, म्हणजे "जवळ जाणं" काटेकोर मांडणारी एप्सिलॉन-डेल्टाची भाषा आणि प्रूफं. सँपल वाढत गेलं की अंदाज खऱ्या आकड्याकडे "जातो" म्हणजे नेमकं काय होतं, ते त्याशिवाय धड मांडता येत नाही. तुझ्या आत्ताच्या तयारीवर डायरेक्ट पीएचडी नको म्हणेन. आधी वर्ष-दीड वर्ष हे कोर्सेस, मग मास्टर्स, आणि तिथे थिअरीत दम आहे असं दिसलं तर पीएचडी. पैशाचं गणित मात्र उलटं आहे. अमेरिकेत पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, मास्टर्स बहुधा स्वतःच्या खिशातून, त्यामुळे मास्टर्सला जाताना हिशेब नीट कर. बायोस्टॅटिस्टिक्सही बघ, म्हणजे आरोग्याच्या डेटाचं स्टॅटिस्टिक्स, ही डिपार्टमेंट्स बऱ्याचदा पब्लिक हेल्थच्या स्कूलमध्ये असतात, बाहेरच्या विषयातली मुलं तिथे जास्त दिसतात आणि मास्टर्सला रिअल अ‍ॅनालिसिसचा आग्रह सहसा नसतो.

जीआरईचं, म्हणजे प्रवेशासाठीच्या परीक्षेचं, फार टेन्शन घेऊ नकोस. बऱ्याच ठिकाणी ती आता ऐच्छिक आहे, आणि क्वांटला, म्हणजे तिच्या गणिताच्या भागाला, 170 पैकी 170 पडले तरी त्यात कॅल्क्युलस नसतंच, शाळेतलं गणित असतं. कमी पडले तर नडतं, जास्त पडले म्हणून कोणी हुरळून जात नाही.

आता एसओपी, म्हणजे हा विषय का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध. "लहानपणापासून मला आकड्यांची आवड" हे वाक्य लिहिलं असशील तर आधी खोडून टाक. तुझ्याकडे त्याहून कितीतरी भारी गोष्ट आहे आणि ती तू प्रश्नात एका ओळीत उरकून टाकलीस. ते 30 जण गेले कुठे? ताणावरचा सर्व्हे, आणि ज्यांचा ताण मधल्या तीन महिन्यांत वाढला तेच दुसऱ्या वेळी आले नसतील तर? मग उरलेल्या 50 जणांवरची तुझी टी-टेस्ट "ताण कमी झाला" म्हणेल आणि प्रत्यक्षात फक्त ताण वाढलेली माणसं निघून गेलेली असतील. पहिल्या फेरीचे आकडे तुझ्याकडे आहेत ना, गेलेल्या 30 जणांचा तेव्हाचा ताण राहिलेल्यांपेक्षा जास्त होता का, आजच बघ. त्याने सगळं सिद्ध होणार नाही, पण एसओपीचा पहिला परिच्छेद तिथेच मिळेल. गायब झालेल्या डेटाकडे कसं बघायचं याची चौकट 1976 च्या एका पेपरात डोनाल्ड रुबिन यांनी घालून दिली. हार्वर्डमधून स्टॅटिस्टिक्सची पीएचडी 1970 ची, पण त्यांची पहिली पदवी सायकॉलॉजीची. आणि तू लावलीस ती टी-टेस्ट ज्या 1908 च्या पेपरातून आली तो "स्टुडंट" या टोपणनावाने लिहिणारा विल्यम गॉसेट दारूच्या कारखान्यात नोकरीला होता, केमिस्ट्री शिकलेला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभारणारे महालनोबिस फिजिक्सचे. बाहेरून येणाऱ्यांची ही वाट जुनीच आहे, पण मॅथ्स यांच्यातल्या कोणालाच चुकलं नाही हं.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, सहा वर्षं नोकरी झाली. फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलचे चार्ट बघता बघता स्टॅटिस्टिक्सची गोडी लागली. पण दुसऱ्या वर्षाच्या मॅथ्समध्ये जेमतेम पास झालो होतो. तो डाग जातो का? आणि शिफारसपत्रं कोणाची घेऊ, सर तर मला विसरलेही असतील.

उत्तर : डाग जात नाही, पण फिका पडतो. इंजिनिअरिंगमुळे कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स तुमच्या मार्कशीटवर आहेतच, तिथे तुम्ही वर पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलीपेक्षा पुढे आहात. आता प्रोबॅबिलिटी किंवा लिनिअर अल्जिब्राचा एक कोर्स घ्या आणि त्यात चांगला ग्रेड काढा, म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा ताज्या आकड्याकडे आधी लक्ष जाईल. एसओपीत त्या जुन्या मार्कांबद्दल एक सरळ वाक्य पुरे, घरच्या अडचणींचं पुराण नको.

पत्रं बहुतेक ठिकाणी तीन मागतात. एक बॉसचं चालेल, त्यांना "मेहनती आहे" असं लिहायला न लावता चार्टवरून तुम्ही नेमकं काय शोधलंत ते लिहायला सांगा. बाकी दोन मात्र तुम्हाला गणित करताना पाहिलेल्या माणसांची हवीत. म्हणून तो नवा कोर्स असा घ्या की जिथे शिकवणारी व्यक्ती तुम्हाला नावाने ओळखेल, प्रश्न विचारा, गृहपाठ वेळेत द्या, शेवटच्या आठवड्यात पत्राचं बोला. जुन्या सरांनाही मार्कशीट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट जोडून मेल टाका, कागद समोर आला की आठवतं माणसांना.

प्रश्न : माझं बीए लिटरेचरमध्ये झालंय. मॅथ्स टाळून स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करता येईल असा काही मार्ग आहे का? मला फक्त डेटाचा जॉब हवाय.

उत्तर : नाही. पण फक्त जॉबच हवा असेल तर स्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्सची गरजही नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), एक्सेल, चार्ट नीट काढणं, आणि त्या चार्टमधून काय निघतं ते दोन परिच्छेदांत सांगणं, यातलं शेवटचं तर लिटरेचरवाल्यांना बाकीच्यांपेक्षा चांगलं जमतं. डिग्रीच हवी तर अ‍ॅनालिटिक्सची बघा. रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचं गणित, तिथेही आहेच, पहिल्या सेमिस्टरलाच.