मित्र मागे पडतो आणि गप्प होतो

प्रश्न : मी आणि माझा मित्र हौस म्हणून एकत्रच मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाइक शर्यत, शिकलो. हल्ली शर्यतीत मी त्याच्या पुढे असतो. त्याच्या चुका सांगायला गेलो की तो गप्प होतो. काय करू?

उत्तर : आधी सांगणं थांबवा. हेल्मेट काढल्या काढल्या कुणालाच शिकवणी नको असते. मला तर आजही नको असते. त्याऐवजी त्याची मदत मागा, खरोखर लागणारी. उदाहरणार्थ, मागच्या सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने ते किती दबतं, हे एकट्याने मोजणं अवघडच. गाडी स्टँडवर असताना मागच्या चाकाच्या आसापासून फेंडरपर्यंतचं (मडगार्डपर्यंतचं) अंतर घ्यायचं, मग हेल्मेट-बुटांसकट शर्यतीचा पूर्ण पोशाख घालून तुम्ही बसल्यावर त्याने पुन्हा टेप लावायची. मोठ्या गाड्यांत फरक साधारण 100 मिलिमीटर असावा. मग त्याच्या गाडीचा मोजा. स्प्रिंग वजनाला जुळत नसेल तर गाडी वळणात ऐकत नाही, आणि कोण जाणे, त्याचं दुखणं तेच असेल!

सरावात त्याच्या मागे राहा. ट्रॅकवर चाकांनी पडलेल्या चरांमधून तो कुठली वाट धरतो ते बघा, एखादी तुमच्याही उपयोगाची निघेल. शर्यतीत मात्र त्याच्यासाठी मुद्दाम थ्रॉटल सोडू नका. त्याला ते लगेच कळेल, आणि हरण्यापेक्षा जास्त लागेल.