'हिकमत' म्हणजे युक्ती की तत्त्वज्ञान?

प्रश्न असा आहे: बाराव्या शतकातला मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द याच्या 'फस्ल अल-मकाल' या ग्रंथाच्या पूर्ण नावातल्या 'हिकमत' आणि 'शरीअत' या शब्दांचा अर्थ 'तत्त्वज्ञान आणि धर्म' असा दिलेला वाचला. मराठीत हिकमत म्हणजे शक्कल. मग हा अर्थ कुठला? आणि अरबीत तत्त्वज्ञानाला 'फलसफा' हा शब्द असताना तो का नाही?

हुकूम, हकीम आणि हिकमत हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. हिकमतचा मूळ अर्थ शहाणपण, ज्ञान. हकीम म्हणजे ज्ञानी आणि वैद्यही. इब्न सीना (980–1037) दोन्ही होता. मराठीत हे शब्द फारसीमार्गे आले आणि हिकमतीचा व्यवहारातला अर्थ तेवढा आपल्याकडे रुजला.

फलसफा मात्र मुळात ग्रीक. बगदादेत ग्रीक ग्रंथांची भाषांतरं झाली, त्या काळात तो अरबीत स्थिरावला. कुराणात तो नाही. हिकमत आहे आणि मानाच्या जागी आहे: ज्याला हिकमत मिळाली त्याचं फार मोठं भलं झालं, असं दुसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या) 269व्या आयतीत (वचनात) म्हटलं आहे. त्यामुळे फलसफ्याला परकेपणाचा वास होता, हिकमतीला नव्हता.

धर्मशास्त्री गझालीने 1095मध्ये तत्त्वज्ञांवर टीका लिहिली तिचं नाव 'तहाफुत अल-फलासिफा'. तहाफुत म्हणजे विसंगती. फलासिफा म्हणजे फलसफावाले. त्यांची 20 मतं त्याने तपासली आणि तीन थेट धर्मबाह्य ठरवली: जग अनादि आहे, ईश्वराला एकेका गोष्टीचं वेगळं ज्ञान नसतं, आणि मेलेल्यांचं सदेह पुनरुत्थान होत नाही. तर्कशास्त्र त्याने नाकारलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं; गझालीला सरसकट बुद्धीचा वैरी ठरवणं अन्यायाचं आहे.

इब्न रुश्द (1126–1198) स्वतः काझी. 'फस्ल अल-मकाल'मध्ये तो प्रश्नही काझीसारखाच घालतो: फलसफ्याचा अभ्यास शरीअतीला मान्य आहे, निषिद्ध आहे की आवश्यक? म्हणजे मजकुरात तो फलसफा हा शब्द टाळत नाही. कुराणाच्या 59व्या सूरेत 'डोळसांनो, बोध घ्या' असं म्हटलं आहे. त्या बोध घेण्यात बुद्धीने अनुमान करणं आलंच, असा अर्थ तो लावतो आणि ज्यांची कुवत आहे त्यांना हा अभ्यास कर्तव्यच ठरवतो. ग्रंथाच्या पूर्ण नावात मात्र हिकमत आणि शरीअत यांच्यातला 'इत्तिसाल', म्हणजे सांधा, असे शब्द आहेत. ही निवड मला हेतुपूर्वक केलेली वाटते. शेवटाकडे तर तो हिकमतीला शरीअतीची दूधबहीण म्हणतो.

भाषांतरात 'शहाणपण' लिहिलं तर अपुरं पडेल, कारण इथे हिकमतीत काटेकोर, सिद्धतेवर उभा असलेला विचार येतो. मजकुरात 'तत्त्वज्ञान' चालेल. नावात मी 'हिकमत' तसाच ठेवून खाली टीप देईन.